डिझेल वाहनांतील कूलरची निगा

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त गावांना पाणी पोहोचविणारे टँकर, शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका, कचरा वाहून नेणारे ट्रक ही सार्वजनिक उपयोगाची वाहने बहुधा डिझेल इंजिनावर चालतात. असे वाहन ऐन वेळी बंद पडले, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही; एखाद्या वाडीला त्या दिवशी पाणी मिळत नाही, एखादा रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचत नाही. इंजिनातील अशा मोठ्या बिघाडांचे मूळ पुष्कळदा कूलर या लहानशा भागात असते. त्याची निगा राखण्यास फारसा खर्च येत नाही. आवश्यकता असते ती नियमितपणाची.

दोन कूलर, एकच पाणी

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा निम्म्याहून कमी भाग वाहनाला गती देण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि इंजिनात फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. इंजिनातील ऑइलही वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचे काम करते. ते अति तापले की पातळ होते आणि बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. म्हणून त्याला थंड करण्यासाठी ऑइल कूलर बसविलेला असतो. त्यातील पातळ धातूच्या पत्र्यांच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत; पत्र्यातून केवळ उष्णता पलीकडे जाते.

दुसरा कूलर धुराशी संबंधित आहे. सिलिंडरमधील तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. हे टाळण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्यात येतो. या योजनेस ‘ईजीआर’ म्हणतात. कित्येक शे अंश तापलेला हा धूर आत सोडण्यापूर्वी थंड करावा लागतो आणि ते काम ईजीआर कूलर करतो. दिनांक १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. त्यानुसार तयार होणाऱ्या अनेक डिझेल इंजिनांत हा कूलर असतो.

बिघाडाची साखळी

एक कूलर बिघडला की दुसराही कसा धोक्यात येतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथे २००३ ते २००७ या काळातील फोर्ड कंपनीच्या मोठ्या पिकअप गाड्यांत नॅव्हिस्टार कंपनीने तयार केलेले ६ लिटरचे डिझेल इंजिन बसविलेले होते. या इंजिनात कूलंट प्रथम ऑइल कूलरमधून जाते व नंतर ईजीआर कूलरला मिळते. ऑइल कूलरचे मार्ग अतिशय अरुंद असल्याने ओतकामातील उरलेली रेती आणि खराब झालेल्या कूलंटचा चिकट गाळ त्यांत अडकू लागला. त्यामुळे ऑइल तापू लागले. शिवाय पुढच्या ईजीआर कूलरला पुरेसे पाणी मिळेना. तेथे थोडे पाणी उरे, ते उकळून वाफ होई आणि कूलरला तडे जात. मग कूलंट सिलिंडरमध्ये शिरे आणि अखेरीस हेड गॅस्केट निकामी होई.

या अनुभवातून कारागीर एक महत्त्वाचा धडा शिकले. केवळ फुटलेला ईजीआर कूलर बदलला आणि तुंबलेला ऑइल कूलर तसाच ठेवला, तर नवा कूलरही फुटतो. प्रत्येक इंजिनात पाण्याचा मार्ग असाच असतो असे नाही. तथापि, जो भाग फुटला तो आणि ज्यामुळे फुटला तो, हे दोन्ही निराळे असू शकतात, ही गोष्ट सर्वत्र लागू पडते.

‘येथे बर्फ कोठे पडतो?’

आपल्याकडे कूलंटविषयी एक गैरसमज रूढ आहे. कूलंट हे थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून वापरतात, येथे साधे पाणी पुरे, असे अनेक चालक मानतात. वास्तविक कूलंटची आणखी दोन कामे आहेत. एक म्हणजे उकळबिंदू वाढविणे. कूलंट आणि पाणी समप्रमाणात असलेले मिश्रण सुमारे १०७ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. दुसरे म्हणजे धातूला गंजापासून वाचविणे. राज्याच्या अनेक भागांत विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते. ते रेडिएटरमध्ये वरचेवर भरले की त्यातील क्षार कूलरच्या आतील बाजूस पापुद्र्यासारखे जमतात. चहाच्या भांड्यात दिसणारा पांढरा थर हाच होय.

कोणती दक्षता घ्यावी?

१. वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट वापरावे. रंग सारखा असला म्हणजे प्रकार एकच असतो असे नाही. भिन्न प्रकार मिसळल्यास गाळ होऊ शकतो.

२. कूलंट पाण्यात मिसळावयाचे असल्यास ऊर्ध्वपातित अथवा क्षारविरहित पाणी घ्यावे. तयार मिश्रणात पाणी घालू नये.

३. कूलंट, ऑइल आणि ऑइल फिल्टर ठरलेल्या मुदतीत बदलावे. कूलंट बदलताना संपूर्ण मार्ग धुऊन घ्यावा.

४. इंजिन थंड असताना रोज कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

५. वाहन उभे असताना इंजिन विनाकारण सुरू ठेवू नये. त्यामुळे ईजीआर कूलरमध्ये काजळी साचते.

धोक्याच्या खुणा

बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होणे, इंजिन तापल्यानंतरही गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, ऑइल दुधाळ दिसणे अथवा कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग येणे, ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी पाणी भरत भरत वाहन पुढे रेटणे म्हणजे किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर संपूर्ण इंजिनाच्या कामात करणे होय. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन इंजिनाबाबत कारागिरांनी एक ठोकताळा बसविला आहे. पूर्ण तापलेले वाहन एकसारख्या वेगाने चालत असता ऑइलचे तापमान कूलंटपेक्षा सुमारे ८ अंश सेल्सिअसहून अधिक राहिले, तर ऑइल कूलर तुंबत आहे असे समजावे. इतर इंजिनांसाठी उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहावी.

काही ठिकाणी ईजीआरची नळी बंद करून ‘कटकट मिटविण्याचा’ सल्ला दिला जातो. तो मानू नये. त्यामुळे विषारी धूर वाढतो. शिवाय उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड असले तरी विषारी आहे. मुले, गुरे व कुत्री यांच्या जिवाला त्यापासून धोका संभवतो.

नोंदवहीचे महत्त्व

सार्वजनिक वाहनांच्या लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल यांची नोंद होते. त्यातच ‘आज किती कूलंट भरले’ असा एक रकाना वाढविता येईल. सलग काही दिवस त्या रकान्यात आकडे दिसू लागले, की वाहन रस्त्यात थांबण्यापूर्वीच बिघाडाची सूचना मिळते. तसेच कूलर बदलण्याचे देयक मंजूर करण्यापूर्वी संबंधितांनी कारागिरास एवढेच विचारावे, की कूलर फुटला कशामुळे, दाब देऊन तपासणी केली काय, आणि दुसरा कूलर व पाण्याचा मार्ग साफ आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर तेच काम पुन्हा करण्याची वेळ सहसा येणार नाही आणि टंचाईच्या दिवसांत टँकर गावात वेळेवर पोहोचेल.