भट्टीचा धूर आणि न दिसणारा वायू



दिवाळी सरली की भातसानगरच्या आसपासचे कातकरी पाडे रिकामे होऊ लागतात. भात झोडून झालेले असते, गावात दुसरे काम नसते आणि ठेकेदाराची उचल पावसाळ्यातच घेऊन संपलेली असते. काही कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तर काही कोळशाच्या भट्टीवर, कधी घाटावर तर कधी थेट कर्नाटकात. पोरेही शाळा सोडून बरोबर जातात. "कोळशाच्या भट्टीवर नेमका धोका कशाचा?" असे आपले दाते आम्हाला विचारतात. या अंकात ते समजून घेऊ.

लाकडाचा कोळसा कसा होतो?

लाकूड उघड्यावर पेटवले तर शेवटी राखच उरते. कोळसा हवा असेल तर लाकूड तापवायचे, पण त्याला हवा मिळू द्यायची नाही. म्हणून ओंडके रचून त्यावर पालापाचोळा व ओल्या मातीचा थर देतात आणि बुडाशी थोडीच भोके ठेवतात. 100 किलो सुक्या लाकडातून अशा मातीच्या भट्टीत साधारण 10 ते 20 किलोच कोळसा निघतो. बाकीचे सारे वाफ, वायू आणि डांबर होऊन धुरावाटे निघून जाते.

आत किती उष्णता आहे हे भट्टीवाला धुरावरून ओळखतो. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे मुख्यतः लाकडातल्या पाण्याची वाफ. उष्णता 200 अंशांच्या पुढे गेली की लाकूड स्वतः फुटू लागते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे झोंबवणारी आंबट वाफ येते. व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल त्या वाफेत असते. 300 अंशांच्या आसपास लाकूड आपलीच उष्णता सोडू लागते आणि धूर पिवळट, डांबराने जड होतो. 400 ते 500 अंशांवर डांबर संपत येते, मिथेन व हायड्रोजन वाढतात आणि धूर विरळ, निळसर दिसू लागतो. मग सारी भोके लिंपून भट्टी निवू देतात.

खनिजांचा वाटा

पण सगळे उष्णतेवरच ठरत नाही. चुलीतली पांढरी राख आठवा. झाडाने जमिनीतून घेतलेले कॅल्शियम आणि पोटॅशियम त्या राखेत असते. लाकूड तापताना, विशेषतः पोटॅशियममुळे, ते कमी उष्णतेलाच फुटू लागते. डांबर कमी होते, कोळसा व वायू जास्त होतात. सालीत ही खनिजे गाभ्यापेक्षा जास्त असतात. म्हणून एकाच भट्टीत सालीचा आणि गाभ्याचा धूर सारखा नसतो.

चंद्रपूरकडच्या खाणीतल्या दगडी कोळशालाही हाच नियम लागू आहे. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा 30 ते 45 टक्के असते, म्हणजे खनिजे भरपूर. तो तापवला की त्यातली चिकणमाती 500 अंशांच्या आसपास आपल्यात बांधलेले पाणी सोडते. गंधकयुक्त खनिजापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. चुनखडी 700 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते. चुन्याच्या भट्टीत घडते तेच हे.

धूर विरळ झाला म्हणजे धोका टळला नाही

आमच्या पाड्यावरचे एक दादा एकदा म्हणाले, "धूर डोळ्यांत जातो तोवर माणूस सावध असतो. धूर गेला की झोप लागते." त्यांच्या बोलण्यात अनुभव होता. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग गुंगी येते. झोपेत असलेल्याला तर काहीच कळत नाही.

भट्टी नीट निवण्याआधी फोडली तर आत साठलेला हा वायू तोंडावर येतो आणि हवा लागताच निखारेही भडकतात. थंडीत निखाऱ्यांची पाटी झोपडीत घेऊन दार लावणे त्याहून घातक. निखारे लालभडक असतात, धूर नसतो, म्हणून आई निर्धास्तपणे लेकरांना जवळ निजवते. म्हणून पाडा सोडण्याआधी आम्ही प्रत्येक घरी एवढे सांगतो:

– निखारे बंद खोपटात ठेवून झोपू नका.
– भट्टीच्या वाऱ्याखाली झोपडी बांधू नका.
– भट्टी पूर्ण निवल्याशिवाय फोडू नका. फोडताना वारा पाठीवर घ्या.
– कोणाला गुंगी आली तर आधी उघड्यावर न्या, मग 108 ला फोन करा.
– उचल फिटली नाही म्हणून कोणी तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

शेवटची गोष्ट मुद्दाम सांगतो. घाईने भट्टी फोडणारा माणूस अडाणी असतो असे नाही. पुष्कळदा अंगावरची उचल त्याला घाई करायला लावते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एकाजवळ शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा, पुनरुत्थित प्रभूने समुद्रकिनारी पेटवला होता; त्यावर मासे होते, जवळ भाकर होती, आणि तिथेच त्याने पेत्राला पुन्हा जवळ केले. हॉटेलातल्या तंदूरमध्ये किंवा शेगडीत आपण जो कोळसा जाळतो, तो कोणीतरी रात्र जागून केलेला असतो. त्या माणसांना आपण ओळखत नाही, असे आपल्याकडून न होवो.

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची, विशेषतः तान्ह्या लेकरांची, प्रार्थनेत आठवण ठेवा.