रोबस्टा कॉफी : गुण, दोष आणि लौकिक

उज्जैनमध्ये रेल्वेमार्गाच्या एका अंगास महाकालेश्वराचे प्राचीन नगर आणि दुसऱ्या अंगास फ्रीगंजची नवी वस्ती अशी मांडणी आहे. शिंद्यांच्या राजवटीपासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांच्या पुढच्या पिढ्या या गावात आजही नांदत आहेत. माळव्यातील सकाळ पोहे, जिलेबी आणि चहा यांची. तथापि मराठी घरांत कॉफीने आपली जागा राखून ठेवली आहे. एकादशीला, दुपारच्या पाहुण्याला, अथवा रात्री अभ्यासास बसलेल्या मुलाला दूध, साखर व किसलेले जायफळ घातलेली कॉफी दिली जाते. थंडीतील लग्नसमारंभात तर मांडवाच्या कोपऱ्यात वाफेचे यंत्र फुसफुसत असते आणि वर कोकोची पूड भुरभुरलेला फेसाळ पेला हातोहात फिरतो.

या पेल्यातील कॉफी कोणत्या बियांची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माळव्यात कॉफीचे मळे नाहीत. त्यामुळे येथील गिऱ्हाइकाला कॉफीची ओळख होते ती डब्यावरील अक्षरांतून. महाग डब्यावर ‘शंभर टक्के अरॅबिका’ असे ठळकपणे छापलेले असते. ‘रोबस्टा’ हे नाव मात्र क्वचितच अभिमानाने मिरवलेले दिसते. पाण्यात चटकन विरघळणाऱ्या स्वस्त कॉफीत ती बहुधा असतेच, परंतु निनावी. अरॅबिका उच्च कुळातील आणि रोबस्टा हलकी, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. तो कितपत खरा, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

अरॅबिका व रोबस्टा या एकाच झाडाच्या दोन प्रती नव्हेत. त्या दोन निरनिराळ्या जाती आहेत. रोबस्टाचे शास्त्रीय नाव कॉफिया कॅनेफोरा. तिचे मूळ स्थान मध्य व पश्चिम आफ्रिकेतील उष्ण, दमट अरण्यांत. अरॅबिकाचे इथिओपियाच्या थंड डोंगराळ प्रदेशात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दोघींचे नाते शोधले, तेव्हा एक मौजेची गोष्ट उघड झाली. प्राचीन काळी कॅनेफोरा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींचा निसर्गतः संकर होऊन अरॅबिका जन्मास आली. म्हणजे जिला हलकी म्हणून दूर बसविले जाते, ती प्रतिष्ठित अरॅबिकाची जन्मदात्री ठरते.

रोबस्टाला मळ्यात आणले ते संकटाने. भारतात कॉफी प्रथम आली ती बाबा बुदन यांच्याबरोबर. सतराव्या शतकात त्यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. ही कॉफी अरॅबिका होती. १८६९ साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत तेथील मळे उजाड झाले. मळेवाले चहाकडे वळले. जावा बेटातही या रोगाने हाहाकार केला. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील कॅनेफोराची रोपे तेथे लावण्यात आली. तांबेऱ्यापुढे ती टिकली. बळकट या अर्थाचे ‘रोबस्टा’ हे तिचे व्यापारी नाव तिच्या या गुणास साजेसेच होते. त्याच सुमारास ती दक्षिण भारतातही आली. आज भारतात वर्षाकाठी सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते आणि तीत सुमारे सत्तर टक्के वाटा रोबस्टाचा असतो. कोडगू, चिकमगळूर व वायनाड ही तिची मुख्य क्षेत्रे होत. अरॅबिकाचे खोड पोखरणारा पांढरा खोडकिडा तिला फारसा बाधत नाही. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाची एखादी सर वेळेवर आली नाही, तर तिचा फुलोरा फसतो.

आता चवीकडे वळू. रोबस्टावरील आक्षेप केवळ पूर्वग्रहाचे नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अरॅबिकाच्या बीत कॅफीन साधारण सव्वा टक्का असते. रोबस्टात ते दोन टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. क्लोरोजेनिक आम्लेही रोबस्टात अधिक. उलट साखर आणि तेल, ज्यांपासून भाजताना गोडसर स्वाद व सुगंध उमलतो, ती अरॅबिकात जास्त. म्हणून अरॅबिका सुवासिक व किंचित आंबूस लागते, तर रोबस्टा दाट, मातकट आणि कडू. न्यूयॉर्कच्या कॉफी बाजाराने १९१२ साली रोबस्टाला आपल्या सौद्यांतून वगळले होते. बाजाराचा हा दुजाभाव अन्य रूपाने अद्याप चालू आहे : अरॅबिकाचे जागतिक भाव न्यूयॉर्कला ठरतात, रोबस्टाचे लंडनला.

परंतु कडूपणाचा सारा दोष बियांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. कॉफीतील कडवटपणात कॅफीनचा वाटा थोडा. मोठा वाटा आहे तो भाजताना क्लोरोजेनिक आम्लांपासून तयार होणाऱ्या द्रव्यांचा. भाजणी जितकी काळी, तितकी ही द्रव्ये उग्र होत जातात. स्वस्त कॉफी पुष्कळदा जास्तच भाजलेली असते, कारण त्यामुळे हलक्या मालातील उणिवा झाकल्या जातात.

दोषाचे दुसरे मूळ मळ्यात आहे. रोबस्टाला भाव कमी. म्हणून तिची निगा कमी. अरॅबिकाची पिकलेली तांबडी फळे निवडून तोडण्याची मजुरी परवडते. रोबस्टाच्या फांदीवरील कच्ची, पिकली व वाळलेली फळे एकाच हाताने ओरबाडून काढली जातात आणि सालीसकट खळ्यावर वाळविली जातात. जमिनीवर पसरलेल्या फळांना बुरशी लागली, तर तिचा वास बीत उतरतो. मग तो वास रोबस्टाचा जातिधर्म समजला जातो, त्यावरून पुन्हा कमी भाव ठरतो आणि कमी भावामुळे पुन्हा हेळसांड होते. भारतातील कॉफीधारकांत दहा हेक्टरांहून कमी जमीन असणारांची बहुसंख्या आहे. अशा छोट्या शेतकऱ्याला या चक्रातून स्वबळावर बाहेर पडणे कठीण असते. १९४२ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या कॉफी बोर्डाने त्याला खात्रीचे गिऱ्हाईक दिले. पण सर्वांची कॉफी एकत्र गोळा होऊन विकली जात असल्यामुळे एखाद्याने विशेष काळजी घेतली, तरी तिची निराळी ओळख उरत नसे. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली.

नीट निगा राखली तर काय होते, याचे उत्तरही भारतातच मिळते. फळे पिकल्यावर तोडून, साल काढून, धुऊन वाळविलेली रोबस्टा पार्चमेंट कॉफी स्वच्छ व सौम्य लागते. तिच्यातील निवडक मोठ्या दाण्यांची ‘कापी रोयाल’ परदेशी जाणकारांनी नावाजली. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे. तेथील एस्प्रेसोच्या कित्येक मिश्रणांत रोबस्टा हेतुतः घातली जाते. कारण पेल्यावरील सोनेरी, टिकाऊ साय आणि जिभेवरील भरीवपणा तिच्यामुळे येतो. २०१९ साली वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. २०२४ साली तर लंडनच्या बाजारात रोबस्टाचे भाव कित्येक दशकांत दिसले नव्हते एवढे चढले.

फ्रीगंजच्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने यातून काय घ्यावे? मराठी घरातील कॉफी दुधाची. दुधात अरॅबिकाची नाजूक आंबूस झाक बहुतांशी लोपते; दाट रोबस्टा मात्र दूध, साखर आणि जायफळ यांच्यापुढे आपली चव टिकवून धरते. दुधातील प्रथिने तिचा तुरटपणाही सौम्य करतात. म्हणून काळी कॉफी पिणाऱ्याने अरॅबिका पसंत करावी हे योग्य. पण दुधाच्या कॉफीसाठी चांगली रोबस्टा, किंवा दोहोंचे मिश्रण, ही तडजोड नसून सुज्ञ निवड होय. पूड दुधात घालून खळाखळा उकळण्याची सवय मात्र सोडावी. त्या उकळीने कडवटपणा वाढतो आणि बदनामी बियांची होते. उकळून क्षणभर निवलेले पाणी पुडीवर ओतून काढा निथळू द्यावा व तो गरम दुधात मिसळावा. ज्यांना निद्रानाशाची तक्रार आहे, त्यांनी रोबस्टातील दुप्पट कॅफीनचे भान ठेवून सायंकाळचा पेला टाळावा.

डबा घेताना चिकोरीचे प्रमाण अवश्य वाचावे. चिकोरी हे भाजलेले मूळ असून त्यात कॅफीन नसते. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी, असा भारतातील नियम आहे व ते प्रमाण डब्यावर छापावे लागते. कॉफीची जात मात्र पुष्कळदा लिहिलेली नसते. गिऱ्हाइकाने ती दुकानदारास विचारण्यास प्रारंभ केला पाहिजे. ज्या मालाचे नाव कोणी विचारीत नाही, तो सुधारण्याची कोणास निकड भासत नाही. टॉवर चौकातील दुकानात ‘रोबस्टा कोणती, आणि कोठली?’ असा प्रश्न ऐकू येऊ लागला, तर वायनाडच्या छोट्या शेतकऱ्याला पिकलेली फळे निवडून तोडण्यास एक कारण अधिक मिळेल.