क गेला, न राहिला
वेल्श भाषेत विकत घेण्याला ‘प्रनी’ म्हणतात. संस्कृतात ‘क्रीणाति’. कानाला काही नातं लागत नाही, आणि मला हा शब्द उकलावासा वाटला तो त्यामुळेच. सारखे ऐकू येणारे शब्द शेजारी बसवून सोयरीक जुळवण्याची हौस आपल्याकडे दांडगी; व्युत्पत्ती बहुधा तिथेच फसते.

वेल्स विद्यापीठाच्या कोशासाठी चिठ्ठ्या जमवायला 1921 साली सुरुवात झाली. पहिली आवृत्ती 2002 मध्ये पुरी झाली. आता तो संगणकावर फुकट वाचता येतो. ‘प्रनी’ची भावंडं शोधायला लागलं की ब्रेटनमधला ‘प्रेनाँ’ चटकन ओळखू येतो, पण जुन्या आयरिशमधला ‘क्रेनिद’ अडवतो. प कुठे, क कुठे! एकट्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, जोड्या जमवायच्या. डोकं: आयरिश ‘केन’, वेल्श ‘पेन’. कोण: आयरिश ‘किआ’, वेल्श ‘पुई’. मूळ ध्वनी ओठ गोल करून काढलेला ‘क्व’ असणार. आयरिशने त्यातला कंठ ठेवला, वेल्शने ओठ.

असा ‘असणार’ म्हटलेल्या रूपाआधी अभ्यासक तारांकन टाकतात. इथे मात्र लेखी साक्ष निघाली. नंतरच्या ग्रीकमध्येही या क्रियापदात प आहे. पण क्रीटमधल्या नोसोसच्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, कारकुनांनी ‘क्वि-रि-या-तो’ लिहिलंय. म्हणजे ‘विकत घेतला’. काय घेतलं? गुलाम. मायकेल व्हेन्ट्रिस यांनी 1952 साली ही लिपी उलगडली.

माझा जीव जडला तो ‘न’वर. मूळ धातू ‘क्री’. त्यात न नाही. पाणिनीच्या नवव्या गणात वर्तमानकाळी ‘ना’ लागतो, आणि त्या गणाचं नावच याच धातूवरून, क्र्यादि. ‘क्रीत’ म्हणताना तो गळून पडतो. वेल्शमध्ये तोच ‘ना’ धातूत मुरला, भूतकाळातही हलत नाही.

आपल्या ‘विक्री’त हाच ‘क्री’ आहे. ‘खरेदी’ फारसी ‘खरीदन’वरून आली, आणि तीही याच मुळाची, इराणी वाटेने. खरेदीखत करणारे दोघे एकाच धातूची दोन टोकं धरून सही करतात! वेल्शमध्ये विकण्याला मात्र निराळं क्रियापद आहे, ‘ग्वेर्थी’. त्याची चौकशी कोशाच्या दुसऱ्या खंडात.