गादीची किंमत आणि बैठकीचे मोल

वाराणसी शहराला लागणारे बरेचसे दूध पहाटे आजूबाजूच्या खेड्यांतून येते. गंगेच्या पूर्वेकडील गावांचे दूधवाले राजघाटाजवळचा मालवीय पूल ओलांडून शहरात शिरतात. १८८७ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या खालच्या मजल्यावरून आगगाड्या धावतात आणि वरच्या मजल्यावरून रस्ता जातो. पूर्वी हे लोक सायकलीवरून येत. आता पुष्कळांजवळ मोटारसायकल असते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना भरलेल्या किटल्या अडकवायच्या, दूधसट्टीत म्हणजे दुधाच्या घाऊक बाजारात वेळेवर पोहोचायचे आणि रिकाम्या किटल्या घेऊन परतायचे, हा त्यांचा नित्यक्रम. या उद्योगात ज्याचे दिवसाचे दोन तास वाहनावर जातात, त्याचे वर्षाकाठी सुमारे सातशे तास एका लहानशा गादीवर जातात. त्याची कमाई ज्या पाठीवर अवलंबून, ती पाठ या गादीच्या हवाली असते.

त्यामुळे मोटारसायकलीसाठी मापाने बनवलेली महागडी गादी घेणे परवडते काय, हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नाही. अमेरिकेत कॉर्बिनसारखे कारखाने १९६८ पासून अशा गाद्या बनवीत आले आहेत आणि त्यांसाठी काहीशे डॉलर मोजणारे स्वार आहेत. आपल्याकडेही तयार बैठका मिळतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक शहरात जुनी गादी उसवून, नवा फोम भरून, वर रेक्झिन शिवून देणारे कारागीर असतात. या सर्वांमध्ये निवड करायची तर गादी नेमके कोणते काम करते आणि कोणते काम तिच्याकडून होण्यासारखे नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या बाबतीत मोटारसायकलीचा इतिहास उद्‌बोधक आहे. जुन्या मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जोडलेले असे. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का सांगाड्यातून थेट वर येई, आणि म्हणून स्वाराच्या बैठकीखाली जाड स्प्रिंगा बसवाव्या लागत. पुढे मागच्या चाकालाच स्प्रिंग आणि धक्काशोषक यांचा आधार देण्याची पद्धत आली. १९४९ साली विक्रीस आलेल्या इंग्लंडच्या बुलेटमध्ये ही सोय होती. हीच गाडी भारतीय सैन्याने निवडली आणि १९५५ पासून ती मद्रासला जुळवली जाऊ लागली. मागच्या चाकाला आधार मिळाल्यावर दोघांनी बसण्याची सलग, लांब गादी सर्वत्र रूढ झाली. सारांश, धक्के झेलण्याचे मुख्य काम गादीकडून चाकाजवळच्या धक्काशोषकांकडे गेले आणि गादीकडे राहिले ते शरीराचा भार नीट वाटून देण्याचे काम. ही कामाची वाटणी वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

प्रथम भाराचा विचार करू. आपण ताठ बसतो तेव्हा धडाचे वजन मुख्यतः कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येते. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. प्रौढ माणसात त्यांमधील अंतर साधारण १० ते १४ सेंटिमीटर असते. स्त्रियांत ते सरासरीने थोडे अधिक असते. ही हाडे आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व मांस दाबले जाते आणि त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्याही दबतात. १९३० साली लँडिस या शास्त्रज्ञाने नखाजवळच्या केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब मोजला. त्यांच्या आरंभाच्या टोकाशी तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरइतका आढळला. बाहेरचा दाब याहून बराच जास्त झाला आणि टिकून राहिला, तर तेथील रक्तपुरवठा मंदावतो. प्रथम अवघडल्यासारखे वाटते, मग मुंग्या येतात, मग आग होऊ लागते. माणूस क्षणभर उठला किंवा बसण्याची ढब बदलली की रक्त पुन्हा वाहू लागते आणि त्रास ओसरतो. म्हणजेच दाबाचा त्रास हा सलग बसण्याचा त्रास आहे.

येथे एक समज दूर केला पाहिजे. दुकानात आपण गादी अंगठ्याने दाबून पाहतो आणि ती मऊ लागली की समाधान पावतो. परंतु फार मऊ फोम शरीराच्या भाराखाली पूर्ण दबून जातो, आणि मग हाडे जवळजवळ खालच्या कठीण तळावरच टेकतात. याउलट बेताचा कठीण, पुरेसा दाट फोम थोडाच दबतो, हाडांना वर उचलून धरतो आणि भार मांड्यांच्या मागील भागापर्यंत पसरवतो. गादीचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. हाडांखाली ती पुरेशी रुंद हवी; पुढे, पाय खाली सोडावे लागतात तेथे, ती निमुळती हवी; आणि तिचा उतार पुढे असता कामा नये, नाही तर स्वार सारखा टाकीवर घसरत राहतो. फोमचा जन्म तसा अलीकडचा आहे. रबराच्या चिकापासूनचा फोम १९२९ साली निघाला. आजच्या बहुतेक गाद्यांत असणाऱ्या पॉलियुरेथेन या पदार्थाचा शोध जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली लावला. हा पदार्थ स्वस्त आहे आणि हवा तसा कापता येतो, पण हलक्या दर्जाचा असेल तर काही महिन्यांतच बसून जातो.

मापाने बनवलेली चांगली गादी नेमकी येथे आपले गुण दाखवते. स्वाराचे वजन, हाडांची रुंदी, पायांची लांबी आणि बसण्याची ढब पाहून तिचा फोम निवडलेला व कोरलेला असतो. तिचा स्पर्श अनेकदा मूळ गादीपेक्षा कठीण लागतो आणि नवखा ग्राहक त्यामुळे निराश होतो. पण तीन-चार तासांच्या सलग प्रवासानंतर तिचा उपयोग कळतो. तिला एक मर्यादाही आहे. खोलगट आकाराची गादी शरीराला एकाच जागी धरून ठेवते. त्यामुळे भार चांगला वाटला जातो हे खरे, परंतु मागेपुढे सरकून ढब बदलण्याची मोकळीक कमी होते.

आता धक्क्यांचा विचार करू. खडबडीत रस्त्यावर वाहन वरखाली होते आणि त्याबरोबर पाठीचा कणाही हादरतो. प्रत्येक वस्तूला एक स्वाभाविक कंपनगती असते. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिल्यास तो जसा उंच जातो, तसेच त्या गतीने हलवल्यास वस्तूचे हेलकावे वाढतात. बसलेल्या माणसाच्या धडाची ही गती सेकंदाला सुमारे ४ ते ६ कंपने इतकी आहे. फोमच्या गादीवर माणूस बसला असता त्या जोडीची गतीही साधारण ४ च्या आसपास येते. याचा अर्थ असा, की इंजिनाची बारीक थरथर, जी मिनिटाला ३००० फेऱ्या असताना सेकंदाला ५० कंपनांच्या घरात असते, ती फोम चांगली अडवतो. परंतु खड्ड्यांमुळे येणारे संथ, मोठे हेलकावे तो अडवीत तर नाहीच, उलट काही वेळा वाढवतो. गादी कितीही महाग असली तरी तिची काही सेंटिमीटरची जाडी या नियमाला अपवाद ठरू शकत नाही.

धक्क्यांचा त्रास आणखी एका बाबतीत दाबाहून वेगळा आहे. तो उठून उभे राहिल्याने पुसला जात नाही. दिवसभरात साचत जातो. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या संरक्षणासाठी अंगावर येणाऱ्या कंपनांच्या मर्यादा ठरवल्या, त्याही आठ तासांच्या कामाच्या दिवसाच्या हिशेबाने. या हिशेबाचे गणित असे आहे, की धक्क्यांची तीव्रता दुप्पट झाली, तर पूर्वीइतकाच भार चौथ्या हिश्शाच्या वेळात अंगावर चढतो. एक तासाचा वाईट रस्ता हा चार तासांच्या बऱ्या रस्त्याला भारी पडतो, तो असा.

आता पुन्हा वाराणसीत येऊ आणि तीन प्रकारचे स्वार डोळ्यांसमोर आणू. पहिला, सिगरा भागात राहून हिंदू विश्वविद्यालयात नोकरी करणारा. त्याचा एका वेळचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि त्यातही गोदौलियासारख्या गजबजलेल्या चौकातून जायचे झाल्यास पुनःपुन्हा पाय टेकावे लागतात. दाबाचा त्रास सुरू होण्याआधीच तो गादीवरून उतरलेला असतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही पाय जमिनीला नीट टेकणे हेच खरे सुख आणि खरी सुरक्षितताही. जाड, रुंद गादीने बैठक तीन-चार सेंटिमीटर उंच झाली, तर पैसे देऊन गैरसोय विकत घेतल्यासारखे होईल. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंशांपर्यंत चढते; त्याने काळ्या रेक्झिनवर जाड सुती खोळ घातली तरी त्याची बहुतेक तक्रार दूर होईल.

दुसरा स्वार लांबच्या वाटेचा. तो वाराणसीहून निघून प्रयागराज, चित्रकूट किंवा त्याही पलीकडे दिवसाकाठी सहा-आठ तास गाडी चालवतो. अमेरिकेत १००० मैल २४ तासांत तोडण्याची परीक्षा देणाऱ्या स्वारांचा एक संघच आहे. त्या टोकाला न जाताही, ज्याला वर्षातून अनेक वेळा असा प्रवास घडतो, त्याच्यासाठी मापाची गादी हा योग्य खर्च आहे. थकलेला, अवघडलेला स्वार रस्त्यावर लक्ष देऊ शकत नाही, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

तिसरा आपला दूधवाला. समजा, महागडी गादी ३०,००० रुपयांना पडते आणि तीन वर्षे टिकते. त्याच्या २,१०० तासांवर हा खर्च वाटला, तर तो ताशी १४ रुपयांच्या आसपास येतो. नोकरदार स्वाराचे वर्षाला १५० तास धरले, तर त्याला तीच गादी ताशी ६७ रुपयांना पडेल. केवळ या आकड्यांवरून दूधवाल्याने ती घ्यावी असे वाटेल. परंतु तो एका वेळी तासभरच बसतो. त्याचा मुख्य शत्रू दाब नसून धक्के आहेत. ८० लिटर दूध म्हणजे ८२ किलोहून अधिक वजन. त्यात किटल्यांचा भार वेगळा. एवढ्या ओझ्याने मागच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, आणि धक्काशोषकांतील तेल गळून गेले असेल तर प्रत्येक खड्डा थेट कण्यापर्यंत पोहोचतो. ३०,००० ची गादी यावर उपाय नाही. ओझ्याला साजेसे चांगले धक्काशोषक, चाकांतील हवेचा योग्य दाब, किटल्यांचा बेताचा भार आणि खराब रस्त्यावर थोडा कमी वेग, हे त्याचे उपाय होत. त्यानंतर जी रक्कम उरेल तीत बसून गेलेला फोम काढून दाट फोम भरून घ्यावा. स्वस्त दिसणारा हा क्रम त्याच्या पाठीला अधिक हितकारक आहे.

गादी बदलून घेताना माप कसे घ्यावे, याची एक सोपी युक्ती आहे. कठीण स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवावा आणि गुडघे किंचित वर धरून त्यावर मिनिटभर बसावे. हाडांच्या जागी पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधील अंतर हे आपले माप. गादीची सपाट बैठक त्याहून दोन्ही बाजूंना थोडी अधिक रुंद हवी. पैसे चुकते करण्याआधी, शक्य असल्यास, तासभर गाडी चालवून पाहावे. शिवाय कायदा विसरू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मागे एकाच माणसाला नेता येते आणि तेही पक्क्या बसवलेल्या योग्य बैठकीवर. मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून आडोसा असणेही नियमाने आवश्यक आहे. नवी गादी बसवताना यांपैकी काही काढले गेले, तर आपल्या सुखासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यासारखे होईल. मागे साडी नेसलेली स्त्री बसणार असेल तर विशेषच.

तात्पर्य, महाग गादी वाईट नाही. परंतु ती सलग बसण्याचे दुःख हलके करते, रस्त्याचे दुःख नव्हे. आपल्याला यांपैकी कोणते दुःख आहे हे ओळखण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. वाटेत दहा मिनिटे उतरून चालल्यावर त्रास बराच ओसरत असेल, तर गादीकडे पाहावे. न ओसरता संध्याकाळपर्यंत पाठ धरून राहत असेल, तर आधी धक्काशोषक तपासावेत, आणि दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.