नागद्वारीचा पाऊस

कळमेश्वरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि मग घाट चढून पचमढी. नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात या रस्त्यावर 'एमएच'च्या पाट्यांची रांग लागलेली असते. नागद्वारीची यात्रा भरते मध्य प्रदेशात, पण चालते ती विदर्भाच्या पायांवर. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतली ही वाट एरवी बंद असते आणि नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवस उघडते. त्यामुळे पाऊस टाळून जाण्याची सोयच नाही. वर्षातले सर्वांत ओले आठवडे, साडेतेराशे मीटर उंचीच्या धूपगडाचा परिसर, शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या, आणि तारीख पंचांगानं ठरवलेली.

तारखेचंच आधी पाहू. २०२३ साली अधिक श्रावण होता, नागपंचमी २१ ऑगस्टला आली. २०२४ मध्ये ९ ऑगस्टला, २०२५ मध्ये २९ जुलैला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १७ ऑगस्टला येते. म्हणजे 'नागद्वारीला दरवर्षी असाच पाऊस असतो' या वाक्यातलं 'दरवर्षी' तीन-साडेतीन आठवडे मागेपुढे सरकत असतं, कधी पुष्य नक्षत्रात, कधी मघा नक्षत्रात. आपल्या शेतकऱ्यानं सण तिथीवर आणि पाऊस नक्षत्रावर मोजला, त्यामागे मोठा शहाणपणा आहे. तिथी चंद्राची, पावसाची नक्षत्रं सूर्याची. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, मग अधिक महिना असो वा नसो. प्रवासाचा विचार करताना तिथीचं भाषांतर आधी नक्षत्रात करून घ्यावं. निम्मा अंदाज तिथंच येतो.

मात्र नागद्वारीपुरतं बोलायचं तर पुष्य आणि मघा यांत फारसं डावं-उजवं नाही. जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने विदर्भात आणि सातपुड्यात भर पावसाचे. नागपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक या दोन महिन्यांत. पचमढीला त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथं खरा प्रश्न महिन्याचा नसतो, त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात काय चाललं आहे याचा असतो.

मुंबई-कोकणाचा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा. सह्याद्रीला धडकून हे वारे वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी, ही त्याचीच करामत. आपल्यापर्यंत येईतो त्या वाऱ्यांत फार दम उरत नाही. विदर्भाची आणि सातपुड्याची भिस्त पूर्वेकडे. वायव्य बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरतं आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश असं पश्चिम-वायव्येला सरकत जातं. आपल्याकडची 'झड', म्हणजे दोन-तीन दिवस सूर्य न दिसणारा तो संथ, चिवट पाऊस, बहुधा याचीच देणगी असते.

इथं प्रवाशाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, हे क्षेत्र किनारा ओलांडून आपल्या माथ्यावर यायला साधारण दोन ते चार दिवस घेतं. बातमीत 'ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा' ऐकू आलं की तेवढी मुदत आपल्या हातात असते. दुसरी, अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या केंद्रावर न पडता नैर्ऋत्येच्या बाजूला पडतो. केंद्र जबलपूरच्या बाजूनं चाललं असेल तर 'ते तर तिकडे लांब आहे' म्हणून निघू नये; सातपुडा आणि आपण नेमके त्याच्या नैर्ऋत्येला असतो. यात्रेचे दहा दिवस असतात. पंचमीलाच दर्शन घेण्याचा नवस नसेल तर त्या दहांतले दोन-तीन दिवस सोडून देणं अवघड नाही. गर्दीही कमी लागते, हा वरचा फायदा.

हवामान खात्याचं पत्रक आपण वाचतो, पण त्यातले शब्द मापाचे असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, आणि त्यावर 'बहुतांश ठिकाणी'. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, ११५.६ पासून पुढे 'अति मुसळधार', २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. हे चोवीस तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचे. आता 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' हे वाक्य पुन्हा वाचा. शहरात घरी बसलेल्याला ते खोटं ठरलेलं वाटतं, कारण त्याच्या अंगणात पाऊस झालेलाच नसतो. अडीचशे किलोमीटरचा रस्ता कापणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्या तुरळक ठिकाणांपैकी एखादं वाटेत येण्याची शक्यता पुष्कळ असते. शिवाय नागपूरच्या केंद्राचा इशारा विदर्भापुरता. सौंसरच्या पुढचा रस्ता छिंदवाडा जिल्ह्याचा आणि पचमढी नर्मदापुरम जिल्ह्यात, म्हणजे जुन्या होशंगाबादेत. तिथला इशारा भोपाळच्या केंद्राचा पाहावा लागतो.

पावसाळी प्रवासात माणसं दगावतात ती बहुधा डोंगरावर नव्हे, रपट्यावर. जुलै २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सावनेर तालुक्यात, केळवदच्या बाजूला, पुलावरून पाणी वाहत असताना एक गाडी नाल्यात गेली आणि आतली माणसं गेली. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगू लागते. दोन फुटांत जीपसारखी गाडीही रस्ता सोडते. वजनाचा भरवसा इथं कामाचा नाही, कारण पाणी गाडीला खालून उचलतं. पण याच नाल्याची दुसरी बाजू अशी की तो जसा चढतो तसा उतरतो. त्याचं पाणलोट क्षेत्र लहान, त्यामुळे वरचा पाऊस थांबला की काही तासांत पाणी ओसरतं. मोठ्या नदीचं तसं नसतं. भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की गाव दिवसेंदिवस तुटून पडतं. नाल्याला थांबून उत्तर मिळतं, नदीला परत फिरूनच. प्रवासाच्या बेतात चार-पाच तास 'रपट्याचे' म्हणून मोकळे ठेवले तर ड्रायव्हरवर घाई लादावी लागत नाही. आणि घाई तोच करतो ज्याची रात्रीची खोली पुढच्या गावात राखून ठेवलेली असते.

आता उघडिपीकडे. ऑगस्टात आपल्याकडे आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो, कपाशी कोमेजू लागते, निंदण-डवरणी आटोपलेली असते आणि कोणीतरी सुचवतं, चला, चारधाम करून येऊ. हा बेत बहुतेकदा उलटा पडतो, आणि कारण नशीब नसतं. मान्सूनचा मुख्य पट्टा राजस्थानच्या गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. तो दक्षिणेला आला की आपल्याकडे पाऊस. उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी टेकला की मध्य भारतात खंड आणि उत्तराखंडात धो-धो. आपलं आभाळ मोकळं झालं याचाच अर्थ तिकडचं भरलं. लडाख त्या पहाडांच्या पलीकडे, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाचं. जुलै-ऑगस्टात जायला खरोखर योग्य. तरी ऑगस्ट २०१० मध्ये लेहला एका रात्रीच्या ढगफुटीनं दोनशेंहून अधिक बळी घेतले, तेव्हा कोरडा प्रदेश म्हणजे निर्धोक प्रदेश असंही समजू नये.

ज्यांना नवस नाही, फक्त पाऊस पाहायचा आहे, त्यांच्यासाठी चिखलदरा आहेच. ताडोब्याचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांनी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं एवढं ध्यानात ठेवावं. गाड्या हळू धावतात, पुढची जोडगाडी तासाभराच्या अंतरानं पकडण्याचा बेत करू नये.

सप्टेंबर संपला की पाऊस संपला असं धरून चालण्याची आपली सवय मात्र महाग पडते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि वस्त्या पाण्यात गेल्या. परतीचा पाऊस विजांचा आणि दुपार-संध्याकाळचा असतो; त्या दिवसांत सकाळी निघून दुपारी मुक्काम गाठावा. झडीला असं घड्याळ नसतं.

आणि हा अंक हाती पडेपर्यंत दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघालेली असतील. रामेश्वर-कन्याकुमारीची असतील तर तमिळनाडूचा मुख्य पावसाळा नेमका आता सुरू झालेला आहे; चेन्नईला वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. जगन्नाथपुरीची असतील तर फायलीन १२ ऑक्टोबर २०१३ ला आणि 'दाना' २४-२५ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं होतं, आणि 'दाना'च्या वेळी त्या बाजूच्या बऱ्याच गाड्या रेल्वेनं आधीच रद्द केल्या होत्या. तिकीट परत करण्याची गरज नाही. पोहोचण्याच्या दिवशीच समुद्रस्नान, दुसऱ्या दिवशी दर्शन आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी, असा घट्ट विणलेला बेत असेल तर त्यात एक दिवस सैल सोडा, आणि निघण्याच्या चार दिवस आधीपासून नागपूरच्या आभाळाऐवजी उपसागराच्या बातम्या पाहा.