आशा आणि उमेद

हवी असलेली गोष्ट घडू शकते या जाणिवेने मन पुढे ओढले जाणे म्हणजे आशा. घडणार हे नक्की असले की ती खात्री होते, घडायलाच हवे असे वाटले की अपेक्षा. आशेत अनिश्चितता धरलेलीच असते.

मराठीने या छटा नेमक्या जपल्या आहेत. ‘आस’ लागते, ‘आशाळभूत’ नजरेत लाचारी दिसते. फारसीतून आलेली ‘उमेद’ खचते आणि पुन्हा बांधलीही जाते. तिच्यात माणसाचे स्वतःचे बळ आहे. ‘उमेदवार’ हा शब्द तिच्याच घरचा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१च्या सुमारास मांडलेली उपपत्ती उमेदीच्या फार जवळ जाते. ध्येय हवे, तिथवरच्या वाटा सुचायला हव्यात आणि त्या वाटेने आपल्याला जाता येईल असा विश्वास हवा. त्यांच्या १२ विधानांच्या प्रश्नावलीत चार विधाने वाटांची, चार या विश्वासाची आणि उरलेली चार निव्वळ भरीची आहेत.

आशा कशाला म्हणायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरते. दीर्घ आजारात आधी बरे होण्याची असलेली आशा पुढे एका वेदनारहित रात्रीवर येते, आणि तीही तितकीच खरी असते. कोरडवाहू शेतकरी पावसाच्या आशेवर धूळपेरणी करतो तेव्हा तो पावसाआधी, कोरड्या मातीत, पदरमोड करून आणलेले बियाणे टाकतो. पाऊस लांबला तर ते वाया जाते. मग बियाण्यासाठी पुन्हा पैसे उभे करून दुबार पेरणी करावी लागते.