पान हलले की फोटो फसतो

सोयाबीन पिवळे पडले की हल्ली आधी मोबाईल बाहेर निघतो. फोटो काढायचा आणि कृषी सहायकाला किंवा विज्ञान केंद्रातल्या साहेबांना व्हॉट्सॲपवर धाडायचा. पद्धत चांगली आहे. पण आलेल्या फोटोत पान म्हणजे नुसता पिवळा फराटा असेल, तर समोरचा माणूस सांगणार काय?

लोहाची कमतरता असली की कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे दिसतात. एकाला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला रोगट झाड उपटून नष्ट करणे आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त. 2023 च्या खरिपात नागपूर, चंद्रपूर भागात मोझॅकने काय केले ते आपण पाहिलेच आहे. निदान चुकले तर फवारणीचा पैसा पाण्यात, आणि माशी शेतभर फिरायला मोकळी.

फोटो का हलतो? कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, जितका वेळ उघडी तितक्या वेळातली सगळी हालचाल फोटोत उतरते. वाऱ्याने पान सेकंदाला 30 सेंटिमीटर या वेगाने हलत असेल, तर 1/30 सेकंदात ते एक सेंटिमीटर सरकते. शिरा गेल्याच! तेच 1/500 वर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर 60, 125, 250, 500 अशी चकती असायची. ते आकडे म्हणजे सेकंदाचे भाग. आकडा मोठा तितकी झडप चपळ.

भर उन्हात मोबाईल आपणहून चपळ झडप धरतो. घोटाळा होतो तो ढगाळ दिवसात, पानाच्या खालच्या बाजूला आणि दिवेलागणीला. आपण तर बहुधा घरी परतताना फोटो काढतो! बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' नावाचा भाग असतो. त्यात 'एस' किंवा 'शटर' वर बोट ठेवून 1/500 करावे. झडप लवकर मिटली की उजेड कमी शिरतो, फोटो काळा येतो; मग 'आयएसओ' वाढवावा. फार वाढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. तेव्हा 1/250 वर या, वारा थांबेपर्यंत दम धरा.

'प्रो' नसेल तरी अडत नाही. सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि पान दोन बोटांत ताणून धरावे. फ्लॅश नको, त्याने पानाचा रंगच बदलतो. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि कष्टाने टिपलेल्या शिरा पुन्हा पुसट होतात. सोबत वाण, पेरणीची तारीख आणि आधी काय फवारले ते लिहावे. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो.